हरणाच्या शिकारीसाठी पहिला स्कोप : बेताच्या पैशांत काय घ्यावे आणि कसे पारखावे

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी असल्यामुळे रायफलवरच्या स्कोपची, म्हणजे नेम धरण्यासाठी बसवायच्या दुर्बिणीची, निवड हा प्रश्न महाराष्ट्रात राहणाऱ्यांना सहसा पडत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला मात्र तो पडू शकतो. टेक्सासमध्ये एखादा सहकारी रँचवर बोलावतो, विस्कॉन्सिनमधला शेजारी नोव्हेंबरात आठवडाभराची रजा टाकतो, आणि एखादा हंगाम नुसते सोबत बसून काढल्यावर आपलीही रायफल असावी असे वाटू लागते. रायफल कोणती घ्यावी हे सांगणारी माणसे भरपूर भेटतात. स्कोपच्या बाबतीत मात्र नवखा माणूस बहुधा खोक्यावरचे आकडे वाचून निर्णय घेतो, आणि स्वस्त स्कोपच्या खोक्यावर आकडे नेहमी मोठेच असतात.

येथे विचार केला आहे तो व्हाइटटेल हरणाच्या शिकारीचा, .३०८ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर किंवा .३०-०६ यांसारख्या काडतुसांच्या रायफलचा, आणि स्कोपसाठी साधारण १५० ते ३०० डॉलर बाजूला काढू शकणाऱ्या माणसाचा. या किमतीत व्होर्टेक्सची क्रॉसफायर टू, ल्युपोल्डची व्हीएक्स-फ्रीडम, बरिसची फुलफिल्ड अशा मालिका मिळतात आणि शिकारीसाठी त्या पुरतात. शंभर डॉलरच्या खालीही काही चांगले नग सापडतात, परंतु तेथे एक नग उत्तम आणि त्याच मॉडेलचा दुसरा सदोष असे होण्याची शक्यता वाढते, म्हणून तपासणीही तेवढीच कडक हवी.

खरेदीपूर्वी कायद्याची एक बाब स्पष्ट करून घ्यावी. स्कोप विकत घ्यायला परवाना लागत नाही, पण रायफलचे तसे नाही. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला फेडरल कायद्याने बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. मात्र अमेरिकेतील एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असल्यास त्या मनाईला अपवाद मिळतो. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, हे लक्षात ठेवून नूतनीकरणाची तारीख पाळावी. परवान्यासाठी बहुतेक राज्यांत शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो लागू आहे. ग्रीन कार्डधारकांवर ही व्हिसाची मनाई नाही.

आधी अंतर ठरवावे

आपण कोठे बसणार आहोत, हे माहीत नसताना स्कोप निवडू नये. पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात हरीण अनेकदा ऐंशी यार्डांच्या आतच दिसते. टेक्सासच्या खाजगी जमिनीवर मचाणासारख्या लाकडी खोक्यात बसून मक्याच्या फीडरवर, म्हणजे हरणांसाठी मका टाकणाऱ्या यंत्रावर, नजर ठेवतात आणि तो फीडर बहुधा शंभर यार्डांच्या आसपास असतो. वायोमिंगच्या मोकळ्या माळावर प्रॉन्गहॉर्न या हरणासारख्या प्राण्याच्या मागे जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी अधिक ताकदीचा स्कोप घ्यावा. बाकीच्यांसाठी ३-९x४० हा जुना आणि काहीसा कंटाळवाणा वाटणारा नमुना आजही सर्वांत शहाणपणाचा आहे. यातील ३ ते ९ म्हणजे चित्र किती पट मोठे दिसेल ते, आणि ४० म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. घनदाट झाडीत बसणाऱ्याने २-७x३३ घेतला तरी त्याचे काही अडणार नाही.

साठ-सत्तर डॉलरला ६-२४x५० असा लाल-हिरवा दिवा असलेला स्कोप ऑनलाइन दिसतो आणि नवख्याला त्याची भुरळ पडते. तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कमीत कमी सहा पट मोठे दिसत असल्याने चाळीस यार्डांवरच्या झाडीत हरीण शोधताना भिंगात नुसत्या फांद्याच भरतात. चोवीस पटीला चित्र काळवंडते, हाताची बारीक थरथरही मोठी होऊन दिसते, आणि एवढ्या किमतीत इतकी भिंगे व इतके सरकते भाग बसवायचे म्हणजे प्रत्येक भागात काटकसर झालेली असते. तेवढेच पैसे कमी पटीच्या स्कोपमध्ये गेले असते तर भिंग तरी बरे मिळाले असते.

तिन्हीसांजेचा अर्धा तास

टेक्सास, पेनसिल्व्हेनिया आणि इतर अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीची कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. हरणे नेमकी याच दोन वेळांना हिंडतात. त्यामुळे दुपारच्या लख्ख उजेडात स्कोप कसा दिसतो याला फारसे महत्त्व नाही; दुपारी जवळजवळ सगळेच स्कोप चांगले दिसतात.

अंधुक प्रकाशात काय दिसेल, याचा पहिला अंदाज साध्या भागाकाराने येतो. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ४० मिलिमीटरचा स्कोप ९ पटीवर ठेवला तर झोत ४.४ मिलिमीटरचा असतो आणि ६ पटीवर आणला तर ६.७ मिलिमीटरचा होतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत विस्फारते. पन्नाशीच्या पुढे ती बहुतेकांच्या बाबतीत पाचाच्या आसपासच थांबते. म्हणजे पंचावन्न वर्षांच्या गृहस्थांनी ४० मिलिमीटरचा स्कोप संध्याकाळी सहा-सात पटीवर ठेवला, तर डोळा घेऊ शकेल तेवढा प्रकाश त्यांना मिळतोच. अशा वेळी ५० मिलिमीटरच्या भिंगासाठी जादा पैसे मोजून हाती लागते ते मुख्यतः वजन. शिवाय मोठ्या भिंगामुळे स्कोप उंच बसवावा लागतो आणि दस्त्यावर गाल नीट टेकत नाही.

प्रकाशाचा उरलेला हिशेब भिंगांवरच्या लेपाचा असतो. भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावरून थोडा प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो आणि लेपामुळे ती गळती कमी होते. ‘फुली मल्टी-कोटेड’ म्हणजे हवेला लागून असलेल्या सर्व पृष्ठभागांवर लेपाचे एकाहून अधिक थर. ‘कोटेड’ एवढेच लिहिले असेल तर कदाचित एखाद्याच पृष्ठभागावर एकच थर असेल. १५० डॉलरच्या वर पहिला प्रकार मिळायलाच हवा. अर्थात लेपही चांगला आणि सुमार असतो, आणि ते खोक्यावरून कळत नाही.

ते कळण्यासाठी स्कोप रायफलवर चढवण्यापूर्वी, नुसता हातात घेऊन, संध्याकाळी आपल्या अंगणात तपासावा. शक्य असल्यास मित्राचा एखादा महागडा स्कोप शेजारी ठेवावा आणि दोन्ही सहा पटीवर लावावेत, कारण पट वेगळी असेल तर तुलनेला अर्थ राहत नाही. सूर्यास्तानंतर शंभरेक यार्डांवरच्या झाडाच्या बुंध्याकडे पाहावे आणि सालीवरच्या भेगा कोणत्या स्कोपमध्ये किती मिनिटे दिसत राहतात, हे घड्याळ लावून टिपावे. नंतर मावळतीच्या बाजूच्या झाडांकडे पाहावे, मात्र सूर्य पूर्ण मावळल्यावरच. सुमार स्कोपमध्ये या दिशेला पाहताच सगळ्या चित्रावर दुधी पडदा येतो. घरांच्या खिडक्यांकडे स्कोप रोखू नये, हे वेगळे सांगायला नको. शेजारी पोलिसांना बोलावतील आणि त्यांचे काही चुकले असेही म्हणता येणार नाही.

दुकानात हातात घेतल्यावर

दुकानातील झगमगाटात भिंगाची परीक्षा होत नाही, पण इतर चार गोष्टी तेथेच पाहता येतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोळा आणि मागचे भिंग यांतील अंतर. पूर्ण वर्तुळाकार चित्र दिसत असताना हे अंतर साडेतीन ते चार इंच असावे. .३०-०६ चा धक्का जोरकस असतो; अंतर कमी असेल तर स्कोपची कड भुवईवर आदळून ती फुटते आणि चंद्रकोरीसारखा व्रण राहतो. अनेक स्कोपमध्ये पट वाढवली की हे अंतर कमी होते, म्हणून ते सर्वांत मोठ्या पटीवर तपासावे. त्याच वेळी डोके किंचित डावी-उजवीकडे हलवून पाहावे. जरा हलताच चित्र काळे पडत असेल, तर जाड जॅकेट घालून घाईघाईने रायफल खांद्याला लावताना त्या स्कोपमध्ये काहीच दिसणार नाही.

त्यानंतर वरची आणि बाजूची टोपणे काढून आतील चकत्या फिरवाव्यात; गोळी लागण्याची जागा वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवायची ती यांनीच. प्रत्येक टिचकी बोटाला स्वतंत्र जाणवली पाहिजे. चकती लोण्यात फिरवल्यासारखी वाटत असेल, किंवा दोन टिचक्यांच्या मध्येच अडकत असेल, तर तो नग परत ठेवावा. पट बदलण्याची कडी हातमोजे घालूनही फिरावी, पण स्वतःहून सरकेल इतकी सैल नसावी.

रेटिकल, म्हणजे आतील फुली, शक्य तितकी साधी घ्यावी. बाहेर जाड आणि मध्यभागी बारीक होत जाणाऱ्या रेषांची फुली ल्युपोल्डने १९६२ मध्ये ड्युप्लेक्स या नावाने आणली. अंधारात बारीक रेषा दिसेनाशा झाल्या तरी जाड रेषांवरून मध्य सापडतो, आणि हे काम तिच्यापेक्षा चांगले करणारी फुली या किमतीत मला दिसलेली नाही. खाली जादा ठिपके किंवा आडव्या खुणा असलेल्या बीडीसी फुल्या (गोळी वाटेत किती खाली येते याचा हिशेब धरणाऱ्या) लांबच्या अंतरांसाठी असतात. त्या एखाद्या सर्वसाधारण काडतुसाचा हिशेब धरून काढलेल्या असतात, आपल्या काडतुसाचा नव्हे. शिवाय या किमतीचे बहुतेक स्कोप असे असतात की पट बदलली तरी फुलीचा आकार तोच राहतो, त्यामुळे त्या खुणा एकाच पटीवर, बहुधा सर्वांत मोठ्या, खऱ्या ठरतात. सहा पटीवर ठेवून तिसऱ्या खुणेने नेम धरणारा माणूस हरणाच्या वरून गोळी घालवतो.

फुली डोळ्याला स्पष्ट दिसावी म्हणून मागच्या भिंगाची कडी आपल्या दृष्टीनुसार लावून घ्यावी. कोऱ्या भिंतीकडे दोन-तीन सेकंद पाहावे, नजर काढावी, कडी थोडी फिरवावी, पुन्हा पाहावे. सलग टक लावून पाहिले तर डोळाच तडजोड करतो आणि मोजमाप चुकते. चष्मा घालून शिकार करणार असाल तर हे काम चष्मा घालूनच करावे.

बसवणे

स्कोप वाईट निघाला अशा तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारी वास्तविक स्कोपला रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगांच्या आणि स्क्रूंच्या असतात. तीनशे डॉलरचा स्कोप घेऊन पंधरा डॉलरच्या रिंगा बसवण्यापेक्षा दोनशेचा स्कोप आणि पन्नासच्या रिंगा हे गणित कितीतरी बरे. स्कोपच्या नळीचा व्यास १ इंच आहे की ३० मिलिमीटर, हे पाहूनच रिंगा घ्याव्यात. एकीच्या रिंगा दुसरीला चालत नाहीत.

रायफल रिकामी आहे याची खात्री करून, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) काढून ठेवून काम सुरू करावे. रिंगा जिच्यावर बसतात त्या तळपट्टीचे स्क्रू आधी पक्के करावेत, मग स्कोप रिंगांत सैल ठेवून रायफल खांद्याला लावावी. शिकारीला घालणार तेच जॅकेट अंगावर असावे. डोळे मिटून गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. चित्र पूर्ण दिसेपर्यंत स्कोप मागे-पुढे करावा. फुलीची उभी रेष खरोखर उभी आहे ना, हे ओळंब्याकडे पाहून जुळवावे. मग रिंगांचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. बहुतेक कंपन्या रिंगांसाठी १५ ते २० इंच-पाउंडांच्या दरम्यानचा आकडा देतात. नेमका आकडा माहितीपत्रकात पाहावा आणि त्यासाठी छोटा टॉर्क स्क्रूड्रायव्हर वापरावा. हे इंच-पाउंड आहेत, फूट-पाउंड नव्हेत. अंदाजाने आवळणारा माणूस एकतर नळी चेपतो किंवा ती धक्क्याने सरकेल इतकी सैल ठेवतो.

रेंजवर

पहिली गोळी शंभर यार्डांवर झाडू नये. बोल्ट काढलेली रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून रायफलच्या नळीतून मागून पाहावे, पंचवीस यार्डांवरच्या लक्ष्याचा मध्य नळीत आणावा आणि रायफल न हलवता फुलीही तेथेच आणावी. त्यानंतर पंचवीस यार्डांवरूनच सुरुवात करावी.

येथे टिचक्यांचा हिशेब समजून घेणे गरजेचे आहे. अमेरिकेतील बहुतेक शिकारी स्कोपची एक टिचकी पाव एमओएची असते. एक एमओए म्हणजे एका अंशाच्या कोनाचा साठावा भाग, शंभर यार्डांवर १.०४७ इंच, व्यवहारात एक इंच. म्हणून एका टिचकीने गोळी शंभर यार्डांवर पाव इंच सरकते, पन्नासवर त्याच्या निम्मी आणि पंचवीसवर केवळ एक षोडशांश इंच. पंचवीस यार्डांवर गोळी एक इंच खाली लागली तर सोळा टिचक्या वर द्याव्या लागतात. नवखे लोक चारच देतात आणि स्कोप ऐकत नाही म्हणून त्रासतात.

पंचवीसवर मध्य साधला की शंभरवर जावे. तीन गोळ्या झाडाव्यात, तिघींचा मध्य काढावा आणि त्यानुसार दुरुस्ती करावी. एकेका गोळीच्या मागे चकती फिरवत बसू नये. रायफलची नळी तापली की गोळ्या भरकटू शकतात, तेव्हा मध्ये थांबावे. .३०८ मध्ये १५० ग्रेन वजनाची गोळी शंभर यार्डांवर साधारण दोन इंच वर लागेल असे ठेवले, तर ती दोनशेवर नेमाच्या जागी येते आणि तीनशेवर सुमारे आठ इंच खाली जाते. हरणाच्या छातीतील मर्मस्थान आठ ते दहा इंचांचे धरले, तर दोनशे यार्डांपर्यंत वर-खाली काहीही हिशेब न करता नेम धरता येतो. नवख्याने त्यापलीकडे पहिल्या हंगामात जाऊच नये.

आता स्कोपची खरी परीक्षा. आधी एक गोळी झाडावी. मग वरची चकती चाळीस टिचक्या वर, नंतर बाजूची चाळीस उजवीकडे, पुन्हा चाळीस खाली, चाळीस डावीकडे, अशी प्रत्येक टप्प्यावर एकेक गोळी त्याच बिंदूवर नेम धरून झाडावी. कागदावर साधारण दहा इंचांचा चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटची गोळी पहिलीच्या जवळ आली पाहिजे. चौकोनाची बाजू दहाऐवजी साडेनऊ इंच भरली तर शिकाऱ्याने मनाला लावून घेऊ नये, कारण एकदा झिरो करून, म्हणजे ठरलेल्या अंतरावर गोळी नेमाच्या जागी लागेल असे जुळवून, टोपणे बसवल्यावर तो चकतीला पुन्हा हात लावत नाही. शेवटची गोळी मूळ जागी परतली नाही, तर मात्र स्कोप परत करावा. स्वस्त स्कोपच्या आतील स्प्रिंग दुबळ्या असल्या की नेमके हेच घडते, आणि अशा स्कोपचा झिरो पुढे धक्क्यांनीही सरकतो.

पॅरॅलॅक्सची तपासणी गोळी न झाडता होते. रायफल पिशव्यांवर घट्ट बसवून, तिला स्पर्श न करता, डोळा किंचित इकडे-तिकडे हलवावा. फुली लक्ष्यावर तरंगल्यासारखी सरकत असेल तर तो पॅरॅलॅक्स. शिकारीचे स्कोप बहुधा शंभर यार्डांसाठी जुळवलेले असतात, म्हणून त्या अंतरावर सरक जवळजवळ शून्य हवी. पॉइंट टू-टू (.२२) या छोट्या काडतुसाच्या रायफलसाठी बनवलेले स्कोप पन्नास-साठ यार्डांसाठी जुळवलेले असतात. स्वस्त मिळाला म्हणून तो मोठ्या रायफलवर चढवू नये.

पाणी आणि थंडी यांची परीक्षा सौम्यपणे घ्यावी. थंडीत रात्रभर गाडीत ठेवलेला स्कोप, रायफलवर चढवण्यापूर्वीच, उबदार घरात आणावा. बाहेरच्या काचेवर दव साचणे स्वाभाविक आहे. ते पुसल्यावरही आत धुके दिसत असेल तर सील फुटलेले आहे आणि आत भरलेला नायट्रोजन निघून गेलेला आहे. ल्युपोल्ड ही ओरेगॉनमधली कंपनी मुळात जमीनमोजणी आणि पाणीमोजणीची उपकरणे बनवत असे. १९४० च्या दशकात मार्कस ल्युपोल्ड यांचे हरीण स्कोपमध्ये धुके साचल्यामुळे हुकले आणि त्यातून कंपनी स्कोपकडे वळली, असे कंपनीच सांगते.

खरेदीची वेळ आणि दुर्बीण

सवलतीची वाट पाहत ब्लॅक फ्रायडेपर्यंत थांबणे गैरसोयीचे ठरते. विस्कॉन्सिनचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे ब्लॅक फ्रायडे येईपर्यंत तो निम्म्याहून अधिक सरलेला असतो. पेनसिल्व्हेनियात २०१९ पासून हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, म्हणजे ब्लॅक फ्रायडेच्या दुसऱ्याच दिवशी उघडतो. स्कोप उन्हाळ्यात घ्यावा आणि दुकानाची परतीची मुदत संपण्याआधी वरच्या सगळ्या तपासण्या उरकाव्यात. पावती आणि खोके जपून ठेवावे.

ठरवलेल्या रकमेतून हातात धरायच्या साध्या ८x४२ दुर्बिणीसाठी पैसे राखून ठेवावेत, मग स्कोप पन्नास डॉलरने हलका घ्यावा लागला तरी हरकत नाही. झाडीत काय हलले हे पाहण्यासाठी स्कोप वापरणे म्हणजे ओळख पटण्यापूर्वीच त्या दिशेला बंदूक रोखणे, आणि ते दुसरा शिकारी किंवा कुणाचे मूलही असू शकते. कायद्याच्या दृष्टीनेही दुर्बीण लागतेच. टेक्सासच्या अनेक काउंट्यांत नराच्या शिंगांमधील आतील अंतर १३ इंच तरी असावे किंवा निदान एका शिंगाला फाटा नसावा, असा नियम आहे. कान टवकारलेल्या हरणाच्या दोन्ही कानांच्या टोकांमधील अंतरही साधारण तेवढेच असते, त्यामुळे शिंगे कानांच्या बाहेर जातात का हे पाहत बसावे लागते. ते काम खांद्याला रायफल लावून दहा मिनिटे करता येत नाही.

हंगामाच्या आदल्या आठवड्यात, रायफल गाडीतून नेल्या-आणल्यावर, तीन गोळ्या पुन्हा झाडून पाहाव्यात. झिरो सरकलेला आढळला तर लगेच स्कोपला दोष देऊ नये. काडतूस तेच आहे ना, दस्त्याचे स्क्रू आणि तळपट्टी घट्ट आहे ना, रिंगांत नळी सरकल्याची खूण दिसते का, या क्रमाने पाहावे. हे सर्व ठीक असूनही पुन्हा झिरो केल्यावर तो परत सरकला, तर स्कोप काढून कंपनीकडे पाठवावा. व्होर्टेक्सची हमी आजीवन असून पावतीशिवायही चालते, ल्युपोल्डचीही हमी आजीवन आहे. वापरलेला स्कोप घेताना म्हणूनच या नावांना अधिक भाव असतो. निकॉनने रायफल स्कोप बनवणे काही वर्षांपूर्वी थांबवले, तेव्हा त्यांचा जुना स्कोप भिंगे उत्तम असली तरी स्वस्त मिळाला तरच घ्यावा.

नवा स्कोप घेतल्यावर जुना भारतातल्या नेमबाज भाच्याला द्यावा, असा विचार मनात आला तर तो सुटकेसमध्ये टाकण्यापूर्वी थांबावे. बंदुकीवरची दृष्टिसाधने अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या निर्यात नियंत्रणाखाली येतात आणि परवानगीशिवाय ती देशाबाहेर नेणे, भेट म्हणून असले तरी, गुन्हा ठरू शकतो.